काचेच्या पेटीतला समुद्र



मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. पुढे कित्येक वर्षे राणीची बाग पाहिली आणि मत्स्यालय पाहिले, की मुंबई पाहून झाली, असा खेड्यापाड्यांतून आलेल्या माणसांचा हिशेब असे. आमच्या शाळेची सहलही एकदा तेथे गेली होती. काचेमागचे रंगीत मासे पाहून एका मुलाने विचारले, "गुरुजी, असा समुद्र आपल्या वर्गात ठेवता येईल का?" मी मास्तरकीच्या तोऱ्यात म्हणालो, "न यायला काय झालं?"

या बोलण्याची जी किंमत पुढे मोजावी लागली, ती आज तुम्हांला सांगणार आहे. म्हणजे ज्यांना घरात किंवा शाळेत खाऱ्या पाण्याची पेटी ठेवायची हौस असेल, त्यांना तीच ठेच लागू नये.

गोड्या पाण्याचे मासे पुष्कळांनी पाळलेले असतात. खाऱ्या पाण्याचे काम त्याहून अवघड आहे. समुद्र अफाट, त्याचा खारटपणा आणि उष्णता सावकाश बदलतात. तिथल्या जिवांना एकाएकी होणाऱ्या बदलाची सवय नसते. म्हणून पहिला नियम असा, की पेटी फार लहान घेऊ नये. थोडे पाणी लवकर तापते, लवकर नासते. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी पेटी सुरुवातीला बरी. तीत सुमारे १९० लिटर पाणी मावते. नुसत्या पाण्याचेच वजन जवळजवळ दोन क्विंटल झाले, हे ध्यानात ठेवून खालचा घडवंचीवजा ओटा भक्कम करावा. पेटी खिडकीच्या उन्हात ठेवू नये. उन्हाने पाणी तापते आणि काचेवर शेवाळ माजते. दिव्याचा उजेड दिवसातून सातआठ तास पुरतो.

आता पाणी. किनाऱ्यावरच्या माणसाला वाटते, समुद्र दारात आहे, भरली घागर की झाले. पण पावसाळ्यात नद्यांचे पाणी मिसळून किनाऱ्याजवळचा समुद्र गढूळ आणि अळणी झालेला असतो. खाडीच्या तोंडाशी तर वर्षभर भरवसा नाही. पाणी हिवाळ्यात, गाव आणि खाडी यांपासून दूर जाऊन, भरतीच्या वेळी घ्यावे. दुहेरी फडक्यातून गाळावे आणि झाकून, अंधारात, दोन आठवडे निवत ठेवावे. भांडे प्लॅस्टिकचे असावे. तांब्या-पितळेचा हंडा मुळीच नको. तांब्याचा अंश माणसाला बाधत नसला, तरी कोळंबी, खेकडे, शंखशिंपले यांना तो विष आहे.

देशावरच्या मंडळींनी काय करावे? साधे मीठ गोड्या पाण्यात विरघळवून समुद्र होत नाही. मिठागरात मीठ बसते तेव्हा मॅग्नेशियमसारखे बरेचसे क्षार खाली उरलेल्या कडू पाण्यात राहून जातात. म्हणजे आपल्या स्वयंपाकघरात येतो तो समुद्राचा एक भाग. मत्स्यालयासाठी सर्व क्षार योग्य प्रमाणात असलेले तयार मिश्रण मिळते, तेच घ्यावे. दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम, म्हणजे १०० लिटरला साडेतीन किलोच्या थोडे वर. मग हायड्रोमीटर पाण्यात सोडून पाहावा. काटा १.०२५ च्या आसपास आला, की समुद्राइतके खारट पाणी झाले. उष्णता २५ ते २७ अंश सेल्सिअस असावी.

पाणी भरले, पंप सुरू केला, की दुसऱ्याच दिवशी मासे आणून सोडावेत असा मोह होतो. तो आवरावा. हे शेतकरी बांधवांना चटकन समजेल. शेतात युरिया टाकला, की त्याचा अमोनिया होतो, आणि मातीतले जिवाणू त्या अमोनियाचे नायट्रेट करतात, तेव्हा तो पिकाच्या उपयोगी पडतो. पेटीत हेच घडावे लागते. माशांच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया होतो. तो फार विषारी. एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे त्याचे नायट्रेट करतात, ते थोड्या प्रमाणात सोसते. हे जिवाणू दगडांवर, वाळूवर वस्ती करतात, आणि ती वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. या काळात कोळंबीचा लहानसा तुकडा पाण्यात टाकून ठेवावा, तो कुजून जिवाणूंना खाद्य मिळते. तपासणीच्या थेंबांनी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दाखवली, की मगच पहिला मासा. दगड म्हणून आम्ही धुतलेले काळे पाषाण आणि कौलांचे तुकडे घातले. कौल सच्छिद्र असते, जिवाणूंना तेच घर.

मासे थोडे, आणि एकेक करून आणावेत. एवढ्या पेटीत तीनचार लहान मासे पुष्कळ झाले. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाउन मासा सुरुवातीला सर्वांत बरा, कारण तो आता उबवणीकेंद्रांत वाढवता येतो. मंडपम येथे केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेने हे तंत्र बसवले आहे. विकणाऱ्याला विचारावे, मासा समुद्रातून धरलेला की केंद्रात जन्मलेला? केंद्रातलाच घ्यावा. दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य घालावे. वीज गेली तर मासे उपाशी मरत नाहीत, गुदमरून मरतात. म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप हाताशी ठेवावा. दर पंधरवड्याला दहावा हिस्सा पाणी काढून तेवढेच नवे खारे पाणी घालावे, म्हणजे साठलेले नायट्रेट कमी होते.

हे सर्व मी वाचून केले होते. तरी चूक झालीच. एप्रिल महिना होता. पाणी थंड राहावे म्हणून वर पंखा लावला होता. पंख्याने पाणी उडून जाई, रोज दोनेक लिटर. समुद्राचे पाणी ड्रममध्ये भरलेले होतेच. पातळी खाली गेली, की मुले त्यातले दोन लिटर ओतत. मीच तसे सांगितले होते. तीन आठवड्यांनी शंख हालेनासे झाले. मग कोळंबी गेली. मग एका सकाळी दोन मासे तळाशी पडलेले. मुलांनी माझ्याकडे पाहिले, आणि माझ्याकडे उत्तर नव्हते.

आठवीतली एक मुलगी फळ्याजवळ गेली. म्हणाली, "गुरुजी, उडून जातं ते पाणी. मीठ कुठं जातं?" आणि तिने गणित मांडले. दोन लिटरला सत्तर ग्रॅम मीठ. एकवीस दिवसांचे १४७० ग्रॅम. म्हणजे रोज पाणी घालतो असे समजून आम्ही पेटीत दीड किलो मीठ घातले होते. हायड्रोमीटर काढला, तो १.०३१ दाखवीत होता. तो कपाटात होता. मी महिनाभर पाण्यात सोडलाच नव्हता.

बाष्पीभवनाचा धडा मी वीस वर्षे शिकवीत आलो होतो. मीठ मागे राहते, हेही फळ्यावर शेकडो वेळा लिहिले होते. म्हणून सांगतो, उडालेल्या पाण्याच्या जागी नेहमी गोडे, गाळलेले पाणी घालावे. नळाचे असेल तर त्यातला क्लोरीन काढून. पेटीच्या काचेवर पातळीची एक खूण करावी, आणि मोजमापाची वही रोज लिहावी. मासे पाळण्याचे सारे काम म्हणजे खरे तर पाणी पाळण्याचे काम.

आता प्रवाळांविषयी, कारण प्रवाळांवाचून पेटी शोभत नाही असे पुष्कळांना वाटते. प्रवाळ दिसतो झाडासारखा किंवा दगडासारखा, पण तो लहान लहान प्राण्यांचा समूह आहे. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते. ते उन्हावर अन्न तयार करून यजमानाला देते. पाणी नेहमीपेक्षा अंश-दीड अंशाने काही आठवडे जास्त तापले, तर हे शैवाल निघून जाते आणि प्रवाळ पांढराफटक पडतो. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ साली असे घडले. पाण्यातला चुना घेऊन प्रवाळ आपले घर बांधतो. काही दगडी जाती वर्षाला सेंटिमीटरभरच वाढतात. परदेशी हौशी लोक प्रखर दिवे लावून, चुन्याचे प्रमाण रोज मोजून, एकमेकांच्या पेटीतल्या प्रवाळाचे तुकडे वाढवतात. आपल्याकडे दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे ही सर्व २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ती समुद्रातून काढणे, विकणे, विकत घेणे गुन्हा आहे. किनाऱ्यावर सापडलेले मेलेले पोवळेही घरी आणू नये.

कायदा नसता तरी मी हेच सांगितले असते. इंग्लंडमध्ये फिलिप हेन्री गॉस नावाच्या निसर्गप्रेमी विद्वानाने १८५४ साली मत्स्यालयावर पुस्तक लिहिले. ते वाचून घरोघर काचेच्या पेट्या आल्या, आणि लोक छिन्न्या-टोपल्या घेऊन किनाऱ्यावर लोटले. गॉसच्या मुलाने १९०७ साली लिहून ठेवले आहे, की वडिलांबरोबर लहानपणी पाहिलेली खडकांमधली फुलबाग या हौसेपायी उजाड झाली, आणि वडिलांना त्याचे फार दुःख झाले. समुद्रावर प्रेम करायला शिकवावे, आणि त्या प्रेमानेच समुद्र लुटला जावा, असे होऊ नये.

आपल्या महाराष्ट्रातही प्रवाळ आहेत. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती ते आहेत, आणि तेथे १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झाले. किनाऱ्यावरच्या शिक्षकांनी मुलांना ओहोटीला खडकांवर न्यावे. डबक्यात वाकून पाहावे. समुद्रफूल, शंखातला खेकडा, खडकाला चिकटणारी शिंपली, सर्व दिसतील. दगड उचलून पाहिला तर होता तसाच परत ठेवावा, कारण त्याखाली कोणाचे तरी घर असते. जिवंत प्रवाळावर पाय देऊ नये.

आमची पेटी पुन्हा सुरू झाली. तीत दोन क्लाउन मासे आहेत, चार शंख आहेत, आणि कौलांचे तुकडे आहेत. प्रवाळ नाहीत. पेटीशेजारी वही टांगली आहे. त्या मुलीने आखून दिली होती. रोज एक विद्यार्थी तीत उष्णता, पातळी आणि खारटपणा लिहितो, आणि शेवटच्या रकान्यात माझी सही लागते. शिक्षकाने सही करण्यापूर्वी हायड्रोमीटर स्वतः पाहावा, असा मुलांनी नियम केला आहे, आणि मी तो पाळतो.