काटा ‘ठीक’ म्हणतो तेव्हा
(मासवण येथे आरोग्य कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



आपल्या शिबिरात प्रत्येकाच्या कार्डावर बीएमआय लिहितात. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागले की तो निघतो. ५६ किलो वजन, १६० सेंटिमीटर उंची, तर बीएमआय सुमारे २२. कार्डावर ‘ठीक’ लिहिले जाते आणि माणूस घरी जातो. मला या ‘ठीक’विषयी बोलायचे आहे.

हा आकडा उंचीच्या मानाने वजन किती ते सांगतो. ते वजन चरबीचे की स्नायूंचे, हे त्याला कळत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण दिले. दोघांचाही बीएमआय २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! म्हणून भारतात २५ ऐवजी २३ पासूनच वजन जास्त धरतात.

आपल्या पाड्यांवर १८.५ च्या खालची माणसे आहेत. त्यांना आधी पोटभर अन्न आणि क्षयाची तपासणी हवी, हे विसरू नका. पण बोईसर-तारापूरच्या कारखान्यात पाळीला जाणारा आपलाच मुलगा पाहा. शेतातले कष्ट सुटले, चालणे सुटले, वडापाव आला. हातपाय बारीक, पोट मात्र पुढे. काट्यावर तो ‘ठीक’ ठरतो आणि त्याची शुगर कोणी तपासत नाही. उलट, ओझी वाहून अंग कमावलेल्या गड्याचा आकडा जास्त आला, की त्याला उगाच धास्ती.

यावर एक सुतळी पुरते. माणसाच्या उंचीएवढी सुतळी कापा आणि दुमडून निम्मी करा. श्वास सोडल्यावर, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध ती पोटाभोवती गुंडाळा. टोके जुळली नाहीत, तर बीएमआय काहीही असो, शुगर आणि बीपी तपासायला पाठवा. गरोदर बाईला मात्र ही सुतळी लावू नका. टेप असेल तर पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटर ही हद्द धरा.

काटा हवाच. फक्त पुढच्या शिबिराच्या कार्डावर बीएमआयशेजारी कमरेचा एक रकाना आखून घ्या, एवढीच विनंती करतो.