अनेक घरच्या, एका घरात

वसईच्या किल्ल्यात हिंडताना डॉमिनिकन या कॅथलिक धर्मसंघाच्या चर्चचे अवशेष तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. नागपूरला सेमिनरी हिल्सवर सेंट चार्ल्स सेमिनरी आहे, तिथेही भावी धर्मगुरूंना शिकवणारे फादर याच संघाचे. आपल्याकडे हा संघ ओळखला जातो तो पुरुषांमुळे. आज मला बोलायचं आहे ते त्यातल्या स्त्रियांविषयी, आणि अमेरिकेत त्यांनी रुजवलेल्या एका प्रथेविषयी. तिथे डॉमिनिकन धर्मभगिनींच्या अनेक स्वतंत्र संस्था आहेत. प्रत्येकीचं मुख्य घर वेगळं, कारभार वेगळा, निवडून आलेल्या प्रमुख सिस्टर वेगळ्या. तरीही त्यांच्यापैकी कित्येक संस्था आपल्याकडे नव्याने आलेल्या स्त्रियांना वर्षभर एकाच घरात, एकत्र घडवतात. ही प्रथा मला फार मोलाची वाटते.

थोडी पार्श्वभूमी सांगते. कॅथलिक चर्चमध्ये धर्मभगिनी होऊ इच्छिणाऱ्या स्त्रीला व्रतं घेण्याआधी नॉव्हिशिएटचा काळ पुरा करावा लागतो, आणि तेवढ्या काळात ती असते नॉव्हिस. याबाबत चर्चचा कायदा काटेकोर आहे. वयाची सतरा वर्षं पूर्ण हवीत. निदान बारा महिने नॉव्हिशिएटच्या घरात, तिथल्या मंडळींसोबत राहायला हवं. तीन महिन्यांहून अधिक गैरहजेरी झाली तर सगळं बाद. पंधरा दिवसांहून अधिक झाली तर ते दिवस भरून काढायचे. या काळात ती केव्हाही निघून जाऊ शकते, आणि संस्थाही तिला परत पाठवू शकते. पुढे काही वर्षांची तात्पुरती व्रतं, आणि त्यानंतर जन्मभराची. माणसाचं अख्खं आयुष्य पणाला लागायचं आहे, तेव्हा एवढी खबरदारी हवीच.

कायद्यात दिवसांचा हिशेब आहे, घर आहे, मार्गदर्शक सिस्टर आहे. सोबतीला कोण असेल, हे मात्र कायद्याच्या हातात नाही. आणि अमेरिकेत अडचण नेमकी तिथेच आली.

१९६५ साली त्या देशात सुमारे १ लाख ८० हजार धर्मभगिनी होत्या. २०१४ पर्यंत तो आकडा ५० हजारांच्या आत आला. एके काळी मोठमोठ्या संस्थांत दरवर्षी नॉव्हिसांची तुकडीच्या तुकडी असायची. आता एखाद्या वर्षी एकटीच येते, एखाद्या वर्षी कुणीच नाही. जी येते तीही बहुधा कोवळी पोर नसते. शिकलेली, नोकरी केलेली, स्वतःचं घर चालवलेली, तिशी-चाळिशीची बाई असते ती. अशी एकटी नॉव्हिस सत्तर-ऐंशी वर्षांच्या सिस्टरांमध्ये राहायला लागली की तिचं काय होतं? एकुलत्या एका नातीचं होतं तेच. सगळ्यांचा तिच्यावर जीव, सगळ्यांचं तिच्यावर लक्ष, आणि सगळ्यांच्या भविष्याचं ओझंही तिच्याच खांद्यावर. आपल्या शंका ती बोलणार कुणाजवळ? ‘मला हे जमत नाही’ असं तिने म्हटलं, तर ज्यांनी तिची वर्षानुवर्षं वाट पाहिली त्या वृद्ध स्त्रियांचं मन मोडेल. मग ती बोलतच नाही. आणि न बोललेली शंका नॉव्हिशिएटमध्ये फार घातक असते, कारण हा काळ मुळात शंका उघड करण्यासाठीच तर दिलेला असतो.

म्हणून संस्थांनी आपापल्या नॉव्हिसांना एका घरात पाठवायला सुरुवात केली. आधी ते घर सेंट लुईस शहरात होतं, पुढे शिकागोत आलं. सेंट लुईसमध्ये डॉमिनिकन फादरांची ॲक्वायनस इन्स्टिट्यूट ही धर्मशास्त्राची नामांकित शाळा आहे. डॉमिनिकन जीवनात अभ्यासाला प्रार्थनेच्या बरोबरीचं स्थान असल्याने, अशा शहरात राहण्याला अर्थ होता. घराची जबाबदारी वेगवेगळ्या संस्थांतून आलेल्या मार्गदर्शक सिस्टरांवर असते. प्रार्थना, अभ्यास, सहजीवन आणि प्रवचनसेवा या चार गोष्टींवर डॉमिनिकन जगणं उभं आहे, आणि त्या वर्षात चारही अंगवळणी पडाव्या लागतात. माझ्या मते त्यांतली सर्वांत अवघड सहजीवनाची. पहाटेची प्रार्थना एकटीलाही करता येते, पुस्तकही एकटीला वाचता येतं. पण स्वयंपाकाची पाळी कुणाची, बैठकीत आपलं मत हरलं तर काय करायचं, आपल्याच वयाच्या आणि आपल्याइतक्याच हट्टी बाईशी सकाळी भांडण झालं असताना संध्याकाळी तिच्या शेजारी उभं राहून स्तोत्रं कशी म्हणायची, हे एकटीने कसं शिकणार? डॉमिनिकन परंपरेत महत्त्वाचे निर्णय सभेत होतात, प्रमुख निवडून येतात आणि मुदत संपली की पायउतार होतात. असं जगायचं तर वाद घालायला आणि वादानंतरही एकत्र राहायला यावंच लागतं.

आपल्याकडे पुण्याच्या ज्ञानदीप या धर्मशास्त्राच्या संस्थेसारख्या ठिकाणी अनेक संस्थांच्या धर्मभगिनी आणि भावी धर्मगुरू एका वर्गात बसतात, तेव्हा एकत्र शिकणं आपल्याला नवं नाही. पण वर्ग सुटतो आणि जो तो आपापल्या घरी जातो. एकाच घरात राहणं ही गोष्ट निराळी.

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो. प्रत्येक संस्थेचा स्वतःचा इतिहास असतो, स्वतःची शिस्त असते, सणावाराच्या, जेवणाखाणाच्या आणि आपल्या मृत सिस्टरांच्या स्मरणाच्या स्वतःच्या रीती असतात. पायाभरणीचंच वर्ष बाहेर गेलं तर ती स्त्री डॉमिनिकन होईल, पण आपली होईल का? ही भीती मला खरी वाटते आणि तिला हसण्यावारी नेऊ नये. चर्चचंही म्हणणं हेच की सहकार्य जरूर करा, पण आपल्या माणसांना घडवण्याची मूळ जबाबदारी ज्या त्या संस्थेचीच. म्हणूनच नॉव्हिसला प्रवेश देते तिची स्वतःची संस्था, आणि व्रतं द्यायची की नाही हेही तीच ठरवते. ज्या संस्था ते वर्षभर आपल्या नॉव्हिसची भेट घेत नाहीत, तिला पत्रं लिहीत नाहीत, तिथे तुटलेपणा येणारच. त्याला एकत्र घर कारण नव्हे.

आणि या संस्था एकमेकींना परक्या तरी कुठे आहेत? १८५३ साली जर्मनीतल्या रेगेन्सबर्गच्या होली क्रॉस मठातून चार डॉमिनिकन भगिनी जहाजाने न्यूयॉर्कला उतरल्या. त्यांना घ्यायला कुणी यायचं होतं, पण आलं नाही. शेवटी ब्रुकलिनमधल्या विल्यम्सबर्ग भागात त्यांनी बस्तान बसवलं. आज मिशिगनमधल्या एड्रियन आणि ग्रँड रॅपिड्स इथल्या संस्थांपासून कित्येक जणी आपलं मूळ त्या चौघींपर्यंत नेऊन भिडवतात. केंटकीतली १८२२ची संस्था किंवा विस्कॉन्सिनमधली सिन्सिनावाची संस्था यांचं मूळ वेगळं. पण त्याही संत डॉमिनिकच्याच.

त्याच्याही मागे जाऊ. संत डॉमिनिकने दक्षिण फ्रान्समध्ये प्रुई इथे स्त्रियांचा मठ स्थापला, तो पुरुषांच्या संघाला १२१६ साली पोपची मान्यता मिळण्याच्या सुमारे दहा वर्षं आधी. पुढे रोममधल्या विखुरलेल्या मठवासिनींना एकत्र आणून त्यांचा एक शिस्तबद्ध मठ करावा, अशी पोपची इच्छा होती. ते काम डॉमिनिककडे आलं. सांता मारिया इन तेंपुलो या मठातल्या स्त्रिया आपली मरियेची पवित्र प्रतिमा सोडून यायला तयार नव्हत्या. आसपासच्या रोमकरांनाही ती प्रतिमा हलवलेली खपत नव्हती. अखेर १२२१च्या फेब्रुवारीत रात्रीच्या अंधारात डॉमिनिकने ती स्वतः खांद्यावरून सान सिस्तोच्या नव्या मठात नेली, असं सेसिलिया नावाच्या सिस्टरने म्हातारपणी सांगून ठेवलं आहे. तिला त्याचे लांबसडक सुंदर हात आठवत होते. स्पेनहून येताना त्याने सगळ्याजणींसाठी लाकडी चमचे आणले होते, तेही आठवत होतं. मला त्या मठाची सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळी आहे. वेगवेगळ्या मठांतून आलेल्या या स्त्रियांना नवं जीवन शिकवायला प्रुईहून भगिनी बोलावल्या गेल्या. थोड्याच काळाने बोलोन्यात दियाना दांदालो हिने मठ काढला. हीच ती दियाना, जिला घरच्यांनी मठातून ओढून नेताना तिची बरगडी मोडली होती. तिच्या मठाला धडे द्यायला सान सिस्तोहून चौघी गेल्या, आणि त्यांत सेसिलिया होती. काल जी शिकत होती ती आज दुसऱ्या घरच्या मुलींना शिकवत होती. तेव्हा अमेरिकेतलं हे एकत्र घर संख्या घटल्यामुळे सुचलं असलं, तरी या स्त्रियांनी ते उसनं आणलेलं नाही. सुरुवातीपासून त्या अशाच घडत आल्या आहेत.

अमेरिकेत १९५०च्या दशकातही असं एकत्र येणं दिसलं होतं. तेव्हा तिथे व्रतं घेतल्याबरोबर सिस्टरांना शाळेत शिकवायला उभं करत. पदवी मात्र उन्हाळ्याच्या सुट्यांत शिकून कशीबशी मिळायची आणि त्यात कधीकधी वीस वर्षं जायची. ती स्थिती बदलायला १९५४ साली सिस्टर फॉर्मेशन कॉन्फरन्स उभी राहिली, तीही निरनिराळ्या संस्थांच्या स्त्रियांनी एकत्र येऊनच.

एकत्र घरातलं वर्ष संपलं की नॉव्हिस आपापल्या संस्थेत परततात, पण ओळखी राहतात, आणि पुढे त्या कामी येऊ शकतात. २००९ साली सात डॉमिनिकन संस्थांनी आपलं वेगळं अस्तित्व विसर्जित करून ‘डॉमिनिकन सिस्टर्स ऑफ पीस’ ही एक संस्था केली. मालमत्ता, नावं, जुनी घरं, दफनभूमी, सगळ्यांवर वाटाघाटी करायच्या आणि शेवटी एक व्हायचं, हे किती जड गेलं असेल! असे प्रसंग पुढेही येणार आहेत. त्या वेळी टेबलाच्या दोन बाजूंना बसलेल्या स्त्रियांपैकी काही जणींनी तरी विशीत, तिशीत किंवा चाळिशीत एकाच स्वयंपाकघरात भांडी घासलेली असतील.