चाळिशीचा चष्मा

मराठी भाषेनें ज्या थोड्या वस्तूंना मनुष्याच्या वयावरून नांव दिलें, त्यांत चष्मा ही एक होय. 'चाळिशी' या एका शब्दांत वय, दृष्टींतील पालट आणि त्यावरील उपाय हीं तिन्ही सामावलीं आहेत. सुईंत दोरा ओवतांना हात लांब जाऊं लागला, वर्तमानपत्र दिव्याकडे सरकूं लागलें, वेळापत्रकांतील ३ आणि ८ हे अंक एकसारखे भासूं लागले, म्हणजे घरांतील वडील मंडळी हंसून म्हणत, "आतां चाळिशी लागली!"

हा व्याधि नव्हे, वयाचा धर्म आहे. डोळ्याच्या आंतील पारदर्शक भिंग तरुणपणीं लवचिक असतें. जवळचें पाहतांना तें फुगतें, दूरचें पाहतांना चपटें होतें. वयाबरोबर तें ताठर होत जातें. दहा वर्षांच्या मुलाला सात-आठ सेंटिमीटरवरचें अक्षरही स्वच्छ दिसूं शकतें. साठीच्या मनुष्यास, दूरची नजर उत्तम असली तरी, सुमारें एक मीटरच्या अलीकडचें धूसर दिसतें. आणि हात कांहीं मीटरभर लांब नसतो.

साध्या चाळिशींतून वही दिसते, परंतु समोरचा माणूस धूसर होतो. म्हणूनच तिच्यावरून डोकावून पाहण्याची वृद्धांची ती परिचित लकब. ही अडचण ओळखून अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिन यानें एकाच चौकटींत दूरचें व जवळचें अशीं अर्धीं अर्धीं भिंगें बसविलीं. १७८४ सालच्या त्याच्या एका पत्रांत या चष्म्याचा उल्लेख आहे. परंतु त्यांत मधोमध रेघ येते, आणि हातभर अंतरावरील वस्तु कोणत्याच भागांतून नीट दिसत नाहीं. फ्रान्समध्यें बर्नार मेतनाझ या अभियंत्याच्या खटपटीनें १९५९ सालीं 'व्हॅरिलक्स' हें भिंग बाजारांत आलें आणि ती रेघ पुसली गेली. आज दुकानांतून ज्यास प्रोग्रेसिव्ह म्हणतात, तें हेंच.

या भिंगाचा वरचा भाग दूरचें पाहण्यासाठीं, खालचा वाचनासाठीं, आणि दोहोंमध्यें नंबर हळूहळू वाढत जाणारी एक चिंचोळी वाट असते. त्या वाटेच्या दोन्ही बाजूंस थोडी धूसरता राहतेच. ती कारागिराची चूक नव्हे. अशा सलग वळणाच्या पृष्ठभागाचा तो गणिती नियम आहे. महाग भिंगांत ती सौम्य होते, नाहींशी होत नाहीं. हें ज्यास कोणी आधीं सांगत नाहीं, त्याची निराशा ठरलेली.

उदाहरणादाखल अकोल्याच्या कापूस-बाजारांतील, अडत्याकडे हिशेब लिहिणारा, पंचावन्न वर्षांचा एक हिशेबनीस घ्यावा. वही त्याच्यापासून चाळीस सेंटिमीटरवर, संगणकाचा पडदा पासष्ट सेंटिमीटरवर, आणि दारांतला शेतकरी चार हातांवर. दिवसांतून शंभर वेळां चाळिशी चढवावी आणि उतरवावी. मुलानें हौसेनें त्याला प्रोग्रेसिव्ह चष्मा करून दिला. फ्रेम नव्या तऱ्हेची, अरुंद. पहिल्याच दिवशीं जिन्याच्या पायऱ्या हेलकावे खाऊं लागल्या, आणि वाचावयाचें तर हनुवटी वर करून मान अवघडूं लागली. चौथ्या दिवशीं चष्मा खणांत गेला.

पुढें एके सायंकाळीं गर्दींत चाळिशी कपाळावरच राहिली, आणि कांट्याच्या पावतीवरचे १८ क्विंटल हिशेबपट्टींत १६ उतरले. बार्शीटाकळीकडचा तो शेतकरी पावती पुढें करून एवढेंच म्हणाला, "भाऊ, एकदां पाहून घ्या." वर्षभराच्या कष्टांतले दोन क्विंटल एका अंकांत हरवणार होते. हिशेबनिसास त्या रात्रीं जेवण गोड लागलें नाहीं.

अमरावतीस मुलीकडे गेला असतां त्यानें तो टाकून दिलेला चष्मा नेत्रवैद्यास दाखविला. नंबर बरोबर होता. चुकलें होतें माप. अरुंद फ्रेममुळें वाचनाचा भाग खालून कापला गेला होता आणि भिंगाचा मध्य डोळ्याच्या बाहुलीखालीं उतरला होता. नवी फ्रेम उभट घेतली. ती नाकावर नीट बसवून, त्यास सरळ उभें करून, दोन्ही बाहुल्यांचें नाकाच्या मध्यापासूनचें अंतर वेगवेगळें मोजलें. उंचीही प्रत्येक डोळ्याची निराळी टिपली. चष्मा तयार झाल्यावर भिंगावरील तात्पुरत्या खुणा पुसण्यापूर्वीं त्या बाहुलीसमोर येतात कीं नाहीं, हें ताडून पाहिलें. गिऱ्हाइकानें आग्रहानें मागून घ्यावी अशी ही पांच मिनिटें आहेत. किंमतीपेक्षां त्यांचें मोल अधिक.

त्यानंतर सराव. चष्मा सकाळीं उठतांच घालावा आणि जुना मध्येंच चढवूं नये. बाजूचें पाहावयाचें तर डोळे न फिरवितां मान फिरवावी. वाचतांना मान न वांकवितां नजर खालीं न्यावी. जिना उतरतांना मात्र मान वांकवून वरच्या भागांतून पायरी पाहावी. सराव होईपर्यंत वाहन हांकूं नये. बहुतेकांना एक-दोन आठवडे पुरतात. तरीही त्रास राहिला तर चष्मा खणांत न टाकतां पुन्हां माप तपासावें. आपला हिशेबनीस दहाव्या दिवशीं चष्मा डोळ्यांवर आहे हें विसरला. चष्मा सुखाचा झाल्याची हीच खूण!

परंतु त्याच्या पत्नीनें तसाच चष्मा मागितला, तेव्हां नेत्रवैद्यानें तिला तो दिला नाहीं. तिची दूरची नजर स्वच्छ होती. काम तांदूळ निवडण्याचें, वाती वळण्याचें आणि पोथी वाचण्याचें. तिला साधी चाळिशीच योग्य. जो दिवसभर संगणकापुढें बसतो, त्याला केवळ त्या अंतराचा चष्मा अधिक सुखाचा. ऑस्ट्रेलियांत केलेल्या व २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत तर असें दिसलें कीं, बाहेर पुष्कळ हिंडणाऱ्या वृद्धांनीं रस्त्यावर केवळ दूरचा चष्मा वापरल्यास त्यांचें पडणें कमी होतें. चष्म्याची निवड शेजाऱ्याच्या नाकावरून नव्हे, आपल्या दिनक्रमावरून करावी.

ही चैनीची गोष्ट नव्हे. आसामांतील चहाच्या मळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या मजुरांना साधे जवळचे चष्मे देऊन पाहिलें, तेव्हां चष्मा मिळालेल्यांचें काम न मिळालेल्यांपेक्षां सुमारें २२ टक्क्यांनीं अधिक वाढलें. हा प्रयोग २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. आमच्या वऱ्हाडांत सरकी निवडणाऱ्या व शिवणकाम करणाऱ्या हातांनाही हेंच लागू आहे. परंतु बाजारांतला तयार चष्मा डोळे तपासल्याविना घेऊं नये. साठीनंतर "माझा चष्मा सुटला" म्हणून पेढे वांटणाऱ्यानें सावध व्हावें. तो बहुधा मोतीबिंदूचा आरंभ असतो. नंबर वारंवार बदलूं लागल्यास मधुमेहाची शंका घ्यावी, आणि कांचबिंदु तर बहुधा न दुखतां नजर नेतो. चाळिशीनंतर ठराविक मुदतीनें तपासणी हवीच. अकोला व अमरावती या दोन्ही गांवीं सरकारी रुग्णालयांत नेत्रविभाग आहेत.

वऱ्हाडचा उन्हाळाही ध्यानांत ठेवावा. उन्हांत उभ्या मोटारींत राहिलेल्या चष्म्याच्या भिंगावरील लेप तडकतो. आणि कोरड्या धुळीसकट धोतराच्या सोग्यानें पुसलेल्या कांचेवर ओरखडे उठतात. आधीं पाण्यानें धुवावा, मग मऊ सुती फडक्यानें टिपावा.

अमरावती जिल्ह्यांतील लोणी टाकळी येथें १८८१ सालीं जन्मलेल्या गुलाबराव महाराजांची दृष्टि तान्हेपणींच गेली. इतरांकडून ग्रंथ वाचवून घेऊन त्या प्रज्ञाचक्षु पुरुषानें शंभराहून अधिक लहानमोठे ग्रंथ रचले. ज्याची दृष्टि शाबूत आहे आणि जिला केवळ एका नीट मापाच्या कांचेची उणीव आहे, त्यानें आपला चष्मा खणांत आणि आपली पोथी फडताळांत कां ठेवावी?