जुन्या नोटांची पारख

अंधेरीच्या जुन्या चाळी आणि बैठे बंगले पाडून त्यांच्या जागीं उंच इमारती उभ्या राहूं लागल्या, तेव्हांपासून अनेक घरांतील माळ्यावरच्या ट्रंका पुन्हां उघडल्या जात आहेत. पोथीच्या पानांत किंवा जमाखर्चाच्या वहींत ठेवलेली एखादी जुनी नोट हातीं लागते, आणि घरांतील सर्वांच्या तोंडीं एकच प्रश्न येतो: हिचे किती येतील? परंतु त्याआधीं विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. ही नोट आहे तरी कोणती? हें पाहिल्यावांचून जो किंमत सांगतो तो एक तर अज्ञानी असतो, नाहीं तर लबाड.

पूर्वींचा सराफ रुपया वाजवून पाहत असे. कागद वाजत नाहीं. तो वाचावा लागतो. नोट कोणी काढली, सही कोणाची, क्रमांकाआधीं अक्षर कोणतें, आणि उजेडांत धरल्यावर कागदांत कोणतें जलचिन्ह दिसतें, या चार गोष्टी प्रथम पाहाव्या.

मुंबईंत एके काळीं बँक ऑफ बॉम्बेच्या नोटा चालत. १८६१ च्या कायद्यानें हा अधिकार सरकारनें आपल्याकडे घेतला. त्या काळीं टपालाची भीति असे. म्हणून व्यापारी मोठी नोट मधोमध कापून एक अर्धी आधीं पाठवीत व ती पोंचल्याचें कळल्यावर दुसरी पाठवीत. अशी जोडलेली नोट सांपडल्यास ती फाटकी म्हणून टाकूं नये. दोन्ही अर्ध्यांवरील क्रमांक एकच आहे कीं नाहीं, तें पाहावें.

पहिल्या महायुद्धांत चांदीची टंचाई पडली, म्हणून ३० नोव्हेंबर १९१७ रोजीं एक रुपयाची आणि जानेवारी १९१८ मध्यें अडीच रुपयांची नोट निघाली. दोन्ही १९२६ सालीं बंद झाल्या. त्यांवरील अक्षर चलन-मंडळाचें आहे: ‘बी’ म्हणजे मुंबई, ‘के’ म्हणजे कराची, ‘आर’ म्हणजे रंगून. एक रुपयाच्या नोटेवर गुब्बे, मॅकवॉटर्स किंवा डेनिंग यांपैकीं एकाची सही असते. अक्षर आणि सही बदलली कीं नोटेची दुर्मिळताही बदलते.

रिझर्व्ह बँक १९३५ सालीं स्थापन झाली, परंतु तिची पहिली नोट, पांच रुपयांची, निघाली जानेवारी १९३८ मध्यें. तिच्यावर दुसरे गव्हर्नर सर जेम्स टेलर यांची सही आहे. पहिले गव्हर्नर ऑस्बर्न स्मिथ यांनीं एकाही नोटेवर सही केली नाहीं. त्यांच्या सहीची नोट कोणी पुढें केली तर ती खोटी समजावी. दुसऱ्या महायुद्धांत जपान्यांनीं टेलर यांच्या सहीच्या दहा रुपयांच्या बनावट नोटा काढल्या. त्यामुळें जलचिन्हांतील राजाची मुद्रा बाजूची होती ती समोरची झाली, आणि कागदांत प्रथमच सुरक्षा-धागा आला. पहिले हिंदी गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांच्या सहीच्या नोटा याच काळांतील आहेत.

ज्या घरांतील माणसें परदेशीं जाऊन आलीं, तेथें कधीं अमेरिकन डॉलरही निघतात. त्यांचा आकार १९२९ सालीं लहान झाला. लहान नोटांवरील शिक्का निळा असेल तर ती साधारणतः चांदीच्या हमीची, तांबडा असेल तर ‘युनायटेड स्टेट्स नोट’, आणि हिरवा असेल तर फेडरल रिझर्व्हची. अमेरिकन सरकारनें १८६१ पासून काढलेल्या नोटा रद्द केलेल्या नाहींत. त्यामुळें जीर्ण नोटेलाही निदान छापील किंमत आहे. आपल्याकडे तसें नाहीं. १९४६, १९७८ आणि २०१६ या तिन्ही वेळीं मोठ्या नोटा रद्द झाल्या. २०१६ सालीं रद्द झालेल्या पांचशें व हजाराच्या नोटा २०१७ च्या कायद्याप्रमाणें एकंदर दहांहून अधिक बाळगतां येत नाहींत. अभ्यास वा संग्रह यांसाठीं ही मर्यादा पंचवीस आहे.

ओळख पटली, म्हणजे मोलाचा विचार. केवळ वय झाल्यानें मोल चढत नाहीं. नोट किती उरल्या, मागणारे किती, आणि हातांतील नोटेची स्थिति कशी, यांवर तें ठरतें. कोरी नोट आणि चार घड्या पडलेली नोट यांच्या भावांत फार अंतर असतें. म्हणून नोट धुवूं नये, इस्त्री करूं नये, चिकटपट्टी लावूं नये; या उपचारांनीं संग्राहकाच्या दृष्टीनें ती बिघडते. भाव पाहतांना विक्रेत्यानें मागितलेला आंकडा धरूं नये, लिलावांत प्रत्यक्ष मिळालेला धरावा. तोही तसल्याच सहीच्या, अक्षराच्या व स्थितीच्या नोटेचा असावा.

याच ठिकाणीं भोळीं माणसें फसतात. एक रुपयाच्या नोटेला किंवा ‘७८६’ क्रमांकाला लाखों रुपये देऊं, मात्र आधीं कमिशन व कर भरा, असा निरोप येतो. आपल्या नांवानें असे पैसे मागितले जात असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेनेंच ऑगस्ट २०२१ मध्यें दिला. अशा व्यवहारांशीं आपला संबंध नाहीं, हेंही तिनें स्पष्ट केलें. खरा गिऱ्हाईक नोट पाहून पैसे देतो. विकणाऱ्याकडून घेत नाहीं.

नोट विकावी कीं ठेवावी, हें ज्या त्या कुटुंबानें ठरवावें. मात्र ती कोणाच्या ट्रंकेंत, कोणत्या वहींत सांपडली, हें एका चिठ्ठीवर लिहून तिच्याबरोबर ठेवावें. घर पाडलें गेल्यावर ही माहिती सांगणारें दुसरें कांहीं उरत नाहीं.