प्रचाराची भिंत आणि साधनशुचिता

(कुंडल येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



कुंडलच्या भूमीत निवडणुकीतील फलकांसारखा वरवर किरकोळ वाटणारा विषय मांडण्यास एक कारण आहे. हे गाव औंध संस्थानात होते. संस्थानाधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी 1939 साली आपली सत्ता स्वेच्छेने प्रजेच्या हाती सोपविली. पुढे 1943 ते 1946 या काळात क्रांतिसिंह नाना पाटील व क्रांतिअग्रणी जी. डी. बापू लाड यांच्या प्रतिसरकारचे कुंडल हे प्रमुख केंद्र बनले. त्यांची राजकीय विचारसरणी वेगळी होती. पण एक गोष्ट प्रत्येक कार्यकर्त्याने ध्यानी घ्यावी. परकीयांचे कायदे झुगारणाऱ्या त्या पिढीने स्वतःला मात्र नियमांत बांधून घेतले होते. न्यायदान मंडळे आणि तुफान सेना उभी राहिली ती शिस्तीच्या बळावर. स्वराज्य म्हणजे नियमांतून सुटका नव्हे. स्वराज्य म्हणजे स्वतः घातलेले नियम स्वतः पाळणे.

या कसोटीवर आजचा प्रचार तपासून पाहावा. निवडणूक जाहीर झाली की विजेचे खांब, शाळेची कुंपणे, एस. टी. चे थांबे, चौकातील झाडे, काहीही सुटत नाही. वास्तविक कायदा पुरेसा स्पष्ट आहे. महाराष्ट्र मालमत्ता विरूपण प्रतिबंध अधिनियम 1995 पासून लागू असून त्यात तीन महिन्यांपर्यंत कारावास वा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. निवडणूक आयोगाच्या सूचनेनुसार निवडणूक जाहीर होताच शासकीय इमारतींवरील प्रचारसाहित्य 24 तासांत, अन्य सार्वजनिक जागांवरील 48 तासांत आणि खासगी मालमत्तेवरील अनधिकृत साहित्य 72 तासांत हटवावे लागते. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 127-अ प्रमाणे प्रत्येक पत्रकावर व भित्तिपत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांचे नाव व पत्ता छापणे बंधनकारक आहे. निनावी पत्रक काढून प्रतिस्पर्ध्यावर चिखलफेक करण्याच्या भ्याड वृत्तीला हा लगाम आहे.

आदर्श आचारसंहितेतील एक कलम मात्र कायद्याहूनही अधिक संस्काराचे आहे. कुणाच्याही जमिनीवर, घरावर वा कुंपणावर त्याच्या संमतीशिवाय झेंडा, फलक वा घोषणा नको. यातील 'संमती' हा शब्द नीट समजून घ्यावा. गल्लीतील एकटी राहणारी वृद्धा किंवा हातावर पोट असलेला छोटा दुकानदार दारात आलेल्या दहा तरुणांना 'नको' म्हणू शकत नाही. तिचे मौन ही संमती नव्हे. दुसऱ्या दिवशी विरोधी पक्षाची माणसे तिलाच जाब विचारतात आणि निवडणूक संपल्यावरही गावातील दुही तिच्या भिंतीवर तशीच उरते. लेखी परवानगी घेण्याचा नियम या दुर्बळ माणसाच्या रक्षणासाठी आहे. संमती मिळूनही स्थानिक नियम भिंत रंगविण्यास मनाई करीत असतील, तर ब्रश खाली ठेवावा.

या प्रश्नावरील लढाही याच परिसरातून उभा राहिला, ही अभिमानाची बाब होय. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनने बेकायदा फलकांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. तिची व्याप्ती पुढे राज्यभर पसरली आणि जानेवारी 2017 मध्ये न्यायालयाने सविस्तर आदेश दिले. प्रमुख राजकीय पक्षांनी आपले कार्यकर्ते बेकायदा फलक लावणार नाहीत, अशी हमी न्यायालयात दिली. तरीही 2024 च्या विधानसभा निवडणुकीनंतर रस्ते फलकांनी भरलेलेच दिसले आणि न्यायालयाला पुन्हा तीव्र नाराजी व्यक्त करावी लागली. न्यायालयात दिलेला शब्द मोडणे हे सर्वच पक्षांसाठी लाजिरवाणे आहे. त्याच वर्षी 13 मे रोजी घाटकोपरला महाकाय जाहिरात फलक कोसळून सतरा जणांचे प्राण गेले. तो फलक निवडणुकीचा नव्हता. पण नियमाकडे केलेले दुर्लक्ष कोणत्या थराला जाते, हे त्याने दाखवून दिले.

कार्यकर्त्यांकडून नेहमी एक आक्षेप येतो. समोरचा नियम पाळत नाही, मग आपणच का पाळायचे? आपण मागे पडणार नाही का? या प्रश्नाचे उत्तर 1963 च्या जौनपूर पोटनिवडणुकीत सापडते. पं. दीनदयाळ उपाध्याय तेथे उमेदवार होते. जातीच्या नावावर मते मागण्याचा मार्ग त्यांनी नाकारला आणि पराभव पत्करला. जागा गेली, तत्त्व राहिले. जनसंघाच्या त्या काळात हाती ना पैसा होता, ना यंत्रणा. गेरू आणि चुन्याने भिंतीवर 'दीपक' काढायचा आणि घरोघर जायचे, हीच प्रचाराची रीत होती. ते काम फलकांच्या आकारावर नव्हे, माणसांच्या संपर्कावर वाढले. चौकातील वीस फुटी छायाचित्राने जे साधत नाही, ते ओसरीवर बसून केलेल्या अर्ध्या तासाच्या संवादाने साधते.

प्रतिस्पर्ध्याचा फलक बेकायदा असला तरी तो फाडण्याचा अधिकार कार्यकर्त्याला नाही; आचारसंहिता त्यालाही मनाई करते. छायाचित्र काढावे, निवडणूक अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यावी. लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकांत आयोगाचे 'सी-व्हिजिल' हे मोबाइल अ‍ॅपही उपलब्ध असते. मात्र तक्रार करण्यापूर्वी आपल्या उमेदवाराचा प्रत्येक फलक तपासून घ्यावा. परवानगीची प्रत जवळ आहे का? मुद्रकाचे नाव आहे का? खर्चाच्या हिशेबात तो धरला आहे का? शाळेच्या वा मंदिराच्या भिंतीला तो टेकलेला तर नाही ना?

आणि मतदान संपल्यावर, निकाल काहीही लागो, आपला फलक आपल्या हाताने उतरवावा, दोऱ्या सोडाव्यात, खिळे काढावेत, खड्डे बुजवावेत. फ्लेक्स जाळू नये. त्याचा धूर विषारी असतो. विजयाची मिरवणूक काढणारे पुष्कळ असतात. दुसऱ्या दिवशी पहाटे खराटा हाती घेणारा कार्यकर्ता गावाच्या लक्षात राहतो. स्वराज्याचा अनुभव स्वातंत्र्यापूर्वीच घेतलेल्या कुंडलने ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंतच्या प्रत्येक निवडणुकीत हा पायंडा पाडावा, एवढीच अपेक्षा.