यंत्र नको, रसायनं हवीत



महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावच्या प्रयोगशाळेला रक्त गोठण्याची चाचणी करणारं यंत्र द्यावं, अशी अनेकांची सूचना होती. यंत्रावर मंडळाच्या नावाची पाटी लागते, तो मोह आम्हालाही झाला! पण चौकशी केली तर यंत्र तिथे आहेच. रसायनांअभावी पडून असतं.

हिमोफिलियाचे मुख्य प्रकार दोन. ‘ए’मध्ये फॅक्टर आठ कमी, ‘बी’मध्ये फॅक्टर नऊ. गुडघा दोन्हींत सारखाच सुजतो, एपीटीटी ही पहिली चाचणीही दोन्हींत लांबते. पण आठची उणीव नऊ देऊन भरत नाही. म्हणून नेमका फॅक्टर मोजायलाच हवा.

मोजतात कसा? ज्यात फक्त फॅक्टर आठ नाही, असा प्लाझ्मा घेऊन त्यात रुग्णाचा प्लाझ्मा मिसळायचा आणि गुठळी व्हायला किती सेकंद लागतात ते बघायचं. बाकी सगळं ठीक ठेवून एकच भाग तपासायचा; आम्ही सॉफ्टवेअरवाले तरी दुसरं काय करतो? उत्तर १ टक्क्याहून कमी आलं तर आजार तीव्र, १ ते ५ मध्यम, त्यापुढे ४० पर्यंत सौम्य.

हा खास प्लाझ्मा दर चाचणीला खर्च होतो. नमुना चारेक तासांत तपासला नाही तर प्लाझ्मा वेगळा करून गोठवावा लागतो. नळी अर्धवट भरली तर सायट्रेटचं प्रमाण वाढतं आणि फॅक्टर खोटाच कमी दिसतो. म्हणून यंदाचा निधी रसायनं, फ्रीझर आणि तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणासाठी.

पाटी लागणार नाही. किती चाचण्या झाल्या, ते मात्र दरवर्षी कळवू. फॉर्म दाराजवळच्या टेबलावर आहेत.