तळ्याचे पाणी आणि तळाची माती



कामगार युनियनचा माणूस शेवाळावर बोलणार, हे पाहून काहींनी कार्यक्रमपत्रिका दोनदा वाचली असेल. मी शास्त्रज्ञ नव्हे. माझी शाळा दहावीला सुटली. पुढचे शिक्षण झाले ते पाळी संपल्यावर वाचनालयात. या विषयाकडेही मी आलो तो संपाच्या वाटेने.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या किनाऱ्याजवळ पाम नावाचे बेट आहे. ठिकठिकाणचे आदिवासी आणून सरकारने तेथे कोंडले होते. १९५७ साली त्यांनी मजुरीसाठी आणि माणसासारख्या वागणुकीसाठी संप केला. पुढाऱ्यांना पहाटे पकडून बायकामुलांसह हद्दपार करण्यात आले. त्या संपाविषयी वाचत असता त्याच बेटावरची १९७९ सालची हकीकत माझ्या हाती लागली.

बेटाला पाणी पुरविणाऱ्या धरणात शेवाळ माजले. पाण्याला वास येतो, चव बिघडली आहे, अशी लोकांची तक्रार. ती रास्तच होती. उपाय म्हणून पाण्यात मोरचूद टाकला गेला. हा मोरचूद आपल्या द्राक्षबागायतदारांच्याही चांगल्या ओळखीचा. पुढे थोड्याच दिवसांत १४८ माणसे आजारी पडली. त्यांत १३८ मुले! उलट्या, सुजलेले यकृत, मग मूत्रपिंडाचा त्रास. आधी काविळीची साथ वाटली. पण धरणाचे पाणी न पिणारे मात्र बरे होते. कोणी दगावले नाही, एवढेच समाधान.

झाले असे. ज्याला आपण निळेहिरवे शेवाळ म्हणतो ते खरे पाहता जिवाणू आहेत. त्यांतल्या काही जातींच्या पेशींत विष असते. पेशी जिवंत आहे तोवर ते बहुतांशी आत राहते. मोरचुदाने पेशी फुटली की सारे एकदम पाण्यात उतरते, आणि ते साध्या गाळणीने अडत नाही. (तांब्याचीच बाधा झाली, असे मानणारेही काही जाणकार आहेत. तसे असले तरी मोरचूद निर्दोष ठरत नाही.)

मग शेवाळ मारायचे नाही तर करायचे काय? ते माजूच द्यायचे नाही. कॅनडात ऑन्टारिओ प्रांतात संशोधनासाठी राखून ठेवलेली तळी आहेत. १९७३ साली डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांतल्या २२६ क्रमांकाच्या तळ्याला मधोमध पडदा लावला. एका बाजूला साखर आणि नत्र टाकले. दुसऱ्या बाजूला तेच, आणि वर स्फुरद. स्फुरदाची बाजू हिरवीगार झाली, दुसरी स्वच्छ राहिली. विमानातून घेतलेले ते छायाचित्र जगभर गाजले. स्फुरद येतो कोठून? सांडपाण्यातून, शेतातून वाहून गेलेल्या खतातून, काही धुण्याच्या पावडरींतून.

पण एक गोम आहे. नाला बंद केला तरी तळाच्या गाळात वर्षानुवर्षांचा स्फुरद साठलेला असतो. उन्हाळ्यात तळाशी प्राणवायू संपला की गाळ तो पुन्हा पाण्यात सोडतो. जुन्या कर्जासारखे आहे हे. नवे घेतले नाही तरी व्याज चालूच.

येथे निसर्गाकडून उसना घेतलेला उपाय कामी येतो. लँथॅनम नावाची एक धातू आहे. तिची आणि स्फुरदाची गाठ पडली की पाण्यात सहसा न विरघळणारे संयुग बनते. त्याच जातीचे खनिज निसर्गात खडकांतही सापडते. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी संशोधन संस्थेने १९९० नंतरच्या दशकात बेंटोनाइट मातीत हा लँथॅनम बसविला. ती माती पाण्यात कालवून तळ्यावर पसरतात. खाली बसताना ती स्फुरद धरते आणि तळावर पातळ थर होऊन राहते. एक किलो स्फुरद धरायला सुमारे शंभर किलो माती लागते. म्हणजे मोठ्या तलावाला खर्च थोडाथोडका नव्हे.

चीनमध्ये ताइहू सरोवर आहे. २००७ साली तेथल्या शेवाळाने वूशी शहराचे पिण्याचे पाणी नासले. लाखो लोकांचे नळ निरुपयोगी झाले. तेथल्या शास्त्रज्ञांनी कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून निघणारे कायटोसॅन काठच्याच मातीत मिसळून पाहिले. त्याने शेवाळाच्या पेशींच्या गुठळ्या होतात आणि त्या न फुटता तळाशी बसतात.

माझी आजी निवळीचे बी माठाच्या आतल्या अंगाला घासत असे, ते आठवले. कामाची रीत जवळपास तीच. फरक इतकाच, की आजी तळाचा गाळ सकाळी ओतून देई. तलाव कोण उपडा करणार? म्हणून चिनी मंडळींनी बसलेल्या शेवाळावर आणखी मातीचा थर टाकून त्यात पाणवनस्पती वाढविण्याचा मार्ग धरला.

१९९३ साली मी एका कारखान्यात होतो. तेथे धूळ फार. मालकांनी नाकाला बांधायला फडकी दिली; धूळ ओढून घेणारा पंखा मात्र आम्हांला भांडून घ्यावा लागला. फडके वाईट नव्हते. मीही बांधत होतो. पण फडकी वाटली म्हणून पंख्याची मागणी आम्ही मागे घेतली नाही. उद्या तळ्यासाठी मातीच्या पिशव्या घेऊन कोणी कंत्राटदार आपल्या नगरपालिकेत आला, तर त्याला अवश्य बोलू द्यावे. आणि सांडपाण्याचा नाला कोणत्या महिन्यात वळवणार, हे त्याच बैठकीत, त्याच टिपणात लिहून घ्यावे.